घंटा जिन्यात वाजली का

१

शनिवारी सकाळी चिटणिसांनी वरच्या मजल्यावरच्या सभागृहातलं कपाट उघडलं, तेव्हा सरांची पुस्तकं होती, करंडक होते, फडकं होतं, आणि घंटा नव्हती.

लाकडी मुठीची, पितळेची, हातात मावेल एवढीच घंटा. विकायला नेली तर भंगारवाला तोंड वाकडं करील. पण आमच्या वादसभेत तिच्याशिवाय पान हलत नाही. नियम असा की बोलणाऱ्याच्या तर्कात घोळ दिसला, तर कुणीही उठावं, घंटा वाजवावी आणि दोषाचं नाव सांगावं. नाव बरोबर असेल तर बोलणारा खाली बसतो. नाव चुकलं तर वाजवणाऱ्याने सभा संपेपर्यंत उभं राहायचं. त्यामुळे आमच्याकडे शहाणपणाइतकीच पायांची ताकदही लागते.

हा नियम सरांचा. सर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे, आणि पुस्तकातली जड नावं मुलांच्या डोक्यावरून जातात म्हणून त्यांनी दोषांना घरगुती नावं दिली होती. एकामागून एक घडलं म्हणजे पहिल्यामुळेच दुसरं घडलं, असं मानलं की 'कावळा-फांदी'. वाटा अनेक असताना दोनच दाखवल्या की 'आड-विहीर'. मुद्दा सोडून माणसावर चिखल उडवला की 'माणसावर घसरणं'. कुणाला ठाऊक नाही म्हणून माझंच खरं, असं म्हटलं की 'झाकली मूठ'. सर जाऊन वर्ष झालं. नावं राहिली, घंटा राहिली, आणि आता घंटाही गेली.

मी या सभेची पंच. सगळे मला पंचबाई म्हणतात. सर आणि मी कॉलेजात एकाच बाकावर बसून एकमेकांविरुद्ध बोलत आलो, आणि पुढे मी पंच झाले तेव्हा माझे निकाल चुकीचे ठरवायचा हक्क त्यांनी जन्मभर बजावला. चिटणिसांचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की सरांना सांगायला हवं. मग फोन हातात धरून मी थोडा वेळ नुसतीच बसले.

"बाई, तुम्ही या," चिटणीस म्हणाले. "चोर सापडलाय. आता फक्त ठराव करायचा."

२

चोर म्हणून जे सापडले होते ते सरांचे धाकटे भाऊ. सगळे त्यांना धाकटेच म्हणतात, साठी उलटली तरी. सभागृहामागच्या खोलीत ते राहतात. पंखे दुरुस्त करतात, म्हणजे उघडतात. बंद करताना दोन-तीन भाग उरतातच. सरांनी हयातीत त्यांना ती खोली दिली होती. संध्याकाळी पाच वाजता कार्यकारिणीत ठराव येणार होता, की घंटा चोरल्याबद्दल धाकट्यांनी खोली सोडावी. त्यांना जायला दुसरी जागा नव्हती. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं.

"त्यांनी स्वतःची बाजू मांडली का?" मी विचारलं.

"मांडली ना," चिटणीस हसले. "म्हणाले, मला कुणी नेताना पाहिलं का? नाही ना? मग मी नेलीच नाही. बाई, चौघांनी एकदम चमचे पेल्यावर वाजवले. झाकली मूठ! याहून ढोबळ दोष असतो का?"

"दोष आहे," मी म्हटलं. "म्हणून चोर?"

"ज्याला साधा तर्क जमत नाही..."

इथे मला सर आठवले. त्यांचं एक वाक्य होतं: जिना वाकडा आहे म्हणून वर माडीच नाही, असं होत नाही. मुद्दा चुकीच्या वाटेने मांडला तरी तो खरा असू शकतो. वाक्य चुकलं म्हणून माणूसच खोटा धरायचा, हा दोष फक्त आमच्यासारख्यांकडून होतो. रस्त्यावरचा माणूस आधी धाकट्यांचा चेहरा बघेल. आम्ही त्यांचं वाक्य तपासलं, वाक्यात भोक सापडलं, आणि त्या भोकातून माणूसच बाहेर फेकला.

"पाचपर्यंत वेळ द्या मला," मी म्हटलं.

"घ्या की. पण हिशोब सरळ आहे, बाई. सभागृहाच्या किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक धाकट्यांकडे. मी नेली नाही. राहिलं कोण?"

"चिटणीस, हे काय झालं?"

ते कानापर्यंत लाल झाले. "आड-विहीर," ते पुटपुटले.

"किल्ली लागली हेच कशावरून? शुक्रवारी दुपारी सराव होता, सभागृह उघडंच होतं. कुलूप लावताना घंटा कपाटात पाहिलीत?"

"रोजच असते. म्हणजे शुक्रवारीही असणारच."

असणारच. म्हणजे पाहिली नव्हती. चोरी रात्री झाली असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, कारण चोऱ्या रात्री होतात अशी आपली समजूत. मी शुक्रवारी दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसले होते. सरावाला चौघंच होते: चिटणीस, वकील, धाकटे आणि वहिनी.

३

वहिनी म्हणजे सरांची पत्नी. सगळ्या सभेची वहिनी. शुक्रवारी ती सरांची पुस्तकं सभेला द्यायला आली होती.

"त्यांनीच कपाटात लावली," चिटणीस म्हणाले. "लावताना डोळे भरून आले त्यांचे. आम्ही जरा खिडकीकडे तोंड केलं. बाईमाणूस रडत असताना काय बघत बसायचं?"

मी त्यांना एक प्रश्न टाकला. असा प्रश्न पंचाने विचारू नये. सर त्याला 'पोटात खडा' म्हणायचे: प्रश्नाच्या पोटात एक न सिद्ध झालेली गोष्ट लपवायची आणि उत्तर मागायचं. उत्तर देणारा उत्तर देता देता खडाही गिळतो. पण निकालाला काही तासच उरले होते, आणि मला दुसरं हत्यार येत नाही.

"शुक्रवारी दुपारी घंटा जिन्यातून खाली नेताना एकदा वाजली," मी म्हटलं. "तुम्ही ऐकलीत का?"

चिटणिसांनी डोळे बारीक केले. "जिन्यातून नेली हे कुणी सांगितलं? आणि वाजली कशावरून? पोटात खडा आहे, बाई."

"आहे," मी कबूल केलं आणि वकिलांकडे निघाले.

वकिलांचं ऑफिस समोरच्या गल्लीत. गेल्या वर्षी त्यांनी आपल्या दोन अशिलांदेखत घंटा वाजवली, दोषाचं नाव चुकवलं आणि सभा संपेपर्यंत उभे राहिले. तेव्हापासून घंटा दिसली की त्यांचे गुडघे दुखतात असं आम्ही म्हणतो. हेतू म्हणाल तर यांच्याकडे भरपूर होता.

"धाकट्यांनी पूर्वी सभागृहातलं घड्याळ नेलं होतं," वकील म्हणाले. "दुरुस्तीला म्हणून. अजून परत आलं नाही. जो घड्याळ नेतो तो..."

मी टेबलावर बोटाने टकटक केलं.

"घसरलो," ते म्हणाले. "माणसावर. सवय आहे हो, कोर्टात चालतं."

"वहिनींबद्दल काय?"

"छे. त्यांना घंटेचा किती राग. त्या हातसुद्धा लावणार नाहीत. चाळीस वर्षं तो आवाज ऐकलाय त्यांनी."

मी तोच प्रश्न विचारला. जिन्यात वाजली, ऐकलीत का. वकिलांनी चष्मा काढून पुसला. "हरकत. हा गृहीतकाचा प्रश्न. खिडकीतून खाली टाकली नसेल कशावरून?"

धाकटे खोलीत सामान बांधत होते. खाटेवर एक पंखा, तीन पाती, आणि उशाशी त्या प्रसिद्ध घड्याळाचे तुकडे. सामान म्हणून एवढंच.

"वाजली?" ते गोंधळले. "वाजली असेल तर मला ऐकू यायला हवी होती. माझी खोली जिन्याला लागून. पण सरावातून मधेच उठून मी खोलीत जाऊन झोपलो होतो. म्हणजे... झोपलो होतो म्हणून ऐकली नाही, की वाजलीच नाही म्हणून झोपलो? बाई, मला नाही जमत हे. दादाच्या डोक्यातलं सगळं दादाबरोबर गेलं." त्यांनी दोरीची गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली. "दादा असता तर म्हणाला असता, धाकट्या, तू चुकीचं बोलतोस पण खोटं बोलत नाहीस."

मी बाहेर पडले. ते वाक्य मला सरांच्या आवाजात ऐकू आलं होतं.

४

वहिनी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. आम्ही एका वयाच्या, एकमेकींना अगं-तुगं करणाऱ्या. घर आवरलेलं, नको इतकं आवरलेलं. सरांची खुर्ची टेबलाशी सरळ लावून ठेवली होती. ते असताना ती खुर्ची कधी सरळ नसायची.

"घंटा गेली म्हणे," ती म्हणाली. "चिटणिसाने फोनवर सांगितलं."

"आणखी काय सांगितलं?"

"काही नाही. म्हणाला, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, वहिनी."

म्हणजे धाकट्यांचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला त्रास नको म्हणून. वर्षभर आम्ही सगळे तिच्याशी असंच वागत होतो, काचेच्या भांड्याशी वागावं तसं.

"शुक्रवारी दुपारी घंटा जिन्यातून खाली नेताना एकदा वाजली," मी म्हटलं. "तू ऐकलीस का?"

"नाही," ती म्हणाली. "वाजली नाही."

आणि शेंग सोलली.

मी इकडचं तिकडचं बोलले, दाताचं गाऱ्हाणं सांगितलं आणि निघाले. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत आले आणि माझे पाय थांबले. दुकानदार म्हणाला, काय हवंय. मी म्हटलं, काही नाही, आणि आल्या वाटेने परत फिरले.

५

"सोलून झाल्या का?" मी दारातूनच विचारलं.

"काही विसरलीस?"

"हो. तुझं उत्तर." मी सरांची खुर्ची सोडून दुसरी ओढली. "मी विचारलं, ऐकलीस का. तू म्हणालीस, वाजली नाही. ऐकली नाही हे तुझ्या कानाबद्दलचं बोलणं. वाजली नाही हे घंटेबद्दलचं. मी ऐकली नाही म्हणून ती वाजलीच नाही, असं म्हणणं म्हणजे काय?"

तिने वर पाहिलं. "झाकली मूठ."

"चाळीस वर्षं तू सरांबरोबर काढलीस. असला दोष तू झोपेतही करणार नाहीस. मग एकच उरतं. तो दोष नव्हता, तुला ठाऊकच होतं. आणि दुसरं: माझ्या प्रश्नाच्या पोटात खडा होता. चिटणिसांनी तो धरला, वकिलांनी धरला. धाकटेसुद्धा अडखळले. तू मात्र जिन्यातून नेली यावर हरकतच घेतली नाहीस. जे खरंच घडलंय त्यावर माणूस हरकत कशाला घेईल?"

वहिनीने शेंगांचं ताट बाजूला सारलं. मग हसली, खूप दिवसांनी.

"त्याने असा प्रश्न टाकला असता तर मी लगेच पकडला असता. तुझ्याकडून अपेक्षा नव्हती गं."

ती उठली, पिठाच्या डब्यामागे हात घातला आणि घंटा टेबलावर ठेवली. ठेवताना आतला लोलक तिने दोन बोटांत धरला होता, म्हणून आवाज झाला नाही. जिन्यातही तिने तेच केलं असणार. पुस्तकांची पिशवी येताना भरलेली होती, जाताना तिच्यात ही एकटी होती.

"तुला राग होता ना हिचा?" मी विचारलं.

"राग? मी जळायचे हिच्यावर. अगं, भाजी चिरताना मी म्हणायचे, काल दूध नासलं, आजही नासणार. हा पलीकडून चमचा वाजवायचा. शेजारीण मला बघून वळली, म्हणजे रागावली असणार. वाजला चमचा. सासूबाईंच्या आजारपणात मी रडत बोलले, तर रडणं संपेपर्यंत थांबला, आणि मग वाजवला. मी ताट आपटलंय, दोन दिवस अबोला धरलाय." तिने घंटेवरची धूळ पदराने पुसली. धूळ नव्हती. "आता मी काहीही बोलले तरी सगळे हो म्हणतात. लेक फोनवर हो आई म्हणते. तुम्ही सगळे हो वहिनी. वर्षभरात मी एकदाही चुकले नाही. एकदाही नाही. असं जगता येतं का माणसाला?"

मलाही तो माणूस हवा होता. माझे निकालही वर्षभर कुणी खोडले नव्हते, आणि त्यातले निदान दोन तरी साफ चुकीचे होते.

"मग काय करतेस हिचं?" मी विचारलं.

"एक वाकडं वाक्य बोलते. मीच वाजवते. आणि मग..." ती थांबली. "नाव सांगायला कुणी नसतं."

भिंतीवरचं घड्याळ साडेचारच्या पुढे गेलं होतं. मी तिला धाकट्यांचं सांगितलं.

"ते माझ्यामुळे? आणि मला कुणी बोललं नाही?" तिने घंटा उचलली. या वेळी लोलक धरला नाही. घरभर आवाज झाला. "चल."

६

आम्ही पोचलो तेव्हा चिटणीस ठराव वाचत होते. दारापाशी धाकटे दोरी बांधलेलं गाठोडं घेऊन उभे होते, ठराव व्हायच्या आधीच. कुणी बस म्हटलं नव्हतं म्हणून बसले नव्हते.

वहिनी सरळ टेबलाशी गेली आणि घंटा ठेवली.

"मी नेली. शुक्रवारी, पिशवीतून. तुम्ही खिडकीकडे बघत होतात."

मग चिटणीस हळू आवाजात, अगदी प्रेमाने म्हणाले, "वहिनी, आम्हाला समजतं. दिराला वाचवायला म्हणून तुम्ही हे बोलताय. तुमचं मन मोठं आहे."

वहिनीने घंटा उचलली आणि वाजवली. एवढ्या वर्षांत तिने ती सभेत कधी हातात घेतली नव्हती. वकील सवयीने अर्धे उठून परत बसले.

"दोषाचं नाव," ती म्हणाली, "माणसावर घसरणं. मी का बोलते ते सांगितलंस. मी बोलले ते खोटं कसं, ते सांगितलं नाहीस. तू त्यांचा विद्यार्थी ना? बस खाली."

चिटणीस बसले. ठरावाचा कागद त्यांनी उलटा ठेवला.

"आणि दुसरं," वहिनी म्हणाली. "धाकट्या भाऊजींचा मुद्दा वाकडा होता हे खरं. पण घंटा त्यांनी नेली नव्हती, हेही खरंच होतं. तुम्ही वाक्याची चौकशी केलीत. त्यांना जेवलात का म्हणून तरी विचारलंत?"

धाकटे दारातून म्हणाले, "जेवलो, वहिनी." मग विचार करून म्हणाले, "काल."

वकिलांनी उठून त्यांच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि स्वतः मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. परत आले ते हातात घड्याळाचा एक काटा घेऊन. म्हणाले, तिथे पायात टोचला.

घंटा वहिनीने घरी न्यावी असं चिटणीस तीनदा म्हणाले. तिने नेली नाही. "ती चार माणसांत वाजायची वस्तू आहे," एवढंच म्हणाली, आणि रिकामी पिशवी घडी करून बगलेत मारली.

७

मी तिला घरापर्यंत सोडलं. सोडलं म्हणजे आत गेले. तिने चहा ठेवला. दिवस मावळतीला आला होता, खिडकीतलं ऊन सरांच्या खुर्चीच्या पाठीवर पडलं होतं. आम्ही दोघी त्या खुर्चीकडे बघत होतो आणि बघत नाही असं दाखवत होतो.

"तो गेला," वहिनी म्हणाली, "आणि घर मुकं झालं. म्हणजे घर बोलत होतं ते त्याच्यामुळेच."

हो वहिनी, असं माझ्या ओठांवर आलं होतं. वर्षभराची सवय. कारण ते खरं होतं. त्या घराबद्दल याहून खरं वाक्य कुणी बोललं नसेल. पण माझ्यासमोर बशीत चमचा पडलेला होता.

मी चमचा उचलला आणि कपावर वाजवला.

वहिनीचा हात चहाच्या भांड्यावर थांबला. तिने मागे वळून पाहिलं नाही. "नाव?" तिने विचारलं.

नाव मला ठाऊक होतं. पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं.

"आड-विहीर," मी म्हटलं.

"चूक." ती वळली. डोळे भरलेले होते आणि तोंडभर हसू होतं. "कावळा-फांदी. एवढी वर्षं पंच म्हणून बसलीस आणि हे येत नाही? उभी राहा."

मी उभी राहिले.

"सभा संपेपर्यंत," ती म्हणाली.

"कधी संपणार?"

"बघू."

तिने स्वतःसाठी चहा ओतला, मला उभ्यानेच कप दिला, सरांची खुर्ची थोडी तिरकी ओढून तिच्यावर बसली, आणि माझं कुठे चुकलं ते बोट उगारून पहिल्यापासून समजावून सांगायला लागली. मी मध्येच हरकत घेतली. तिने ती खोडून काढली.